गहाणखतातली माणसे : कॅरिबियनमधल्या व्यापारी पेढ्या, कर्ज आणि गुलाममालकी यांचा माग कसा काढावा

ब्रिस्टल शहरात ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर सात नंबरचे एक घर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन पिनी नावाच्या साखर-व्यापाऱ्याने ते बांधले. आज तिथे संग्रहालय आहे. त्याच शहरात बंदराच्या पाण्यावर पायी जाणाऱ्यांसाठी एक पूल आहे. १९९९ साली तो खुला झाला आणि त्याला पेरोचे नाव दिले गेले. पेरो हा पिनीच्या घरातला नोकर. १७६५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर पिनीने त्याला विकत घेतले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर नॅन्सी आणि शीबा या त्याच्या धाकट्या बहिणीही विकत घेतल्या गेल्या.

पेरोचे नाव आपल्यापर्यंत आले, कारण पिनी हिशेबाला पक्का माणूस होता आणि त्याचे कागद टिकले. या विषयाचा माग काढताना सगळ्यात आधी हेच लक्षात घ्यावे लागते. ज्यांना गुलाम केले गेले, त्यांची नावे बहुतेक वेळा मालकाच्या, आणि त्याहून जास्त सावकाराच्या कागदांत सापडतात. पैसे उसने देणाऱ्याला तारण मोजून हवे असते. म्हणून तो नावांची यादी मागतो.

इतिहासाचा प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी, इंग्लंडमध्ये राहून आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या हवेलीचा पैसा कुठून आला हे जाणू पाहणाऱ्यांसाठी, आणि मॉरिशसमधल्या मराठी घरांतून आपल्या मुळांकडे मागे जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ब्रिटिश वसाहतींच्या कागदांवर मी भर देणार आहे, कारण ते सर्वांत सहज हाती लागतात.

पायरी १ : एकच धागा धरा

सुरुवातीला तीनपैकी एकच गोष्ट निवडा : एक पेढी, एक मळा किंवा एक माणूस. तिन्ही एकदम धरले तर चार दिवसांत गुंता होतो. माझा सल्ला मळ्यापासून सुरुवात करण्याचा आहे. पेढ्यांची नावे दर काही वर्षांनी बदलतात, माणसांची आडनावे नोंदलेली नसतात, पण मळ्याचे नाव पुष्कळदा शंभर वर्षे तेच राहते. नेव्हिसवरचा माउंट्रॅव्हर्स, डेमेरारातला (आजच्या गयानातला) सक्सेस अशी नावे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि प्रत्येक हस्तांतराला कागद मागे सोडतात.

पायरी २ : मराठी कानाने शब्द लावून घ्या

इंग्रजी दस्तऐवजांतले शब्द परके वाटतात. पण ज्यांच्या घरात अडत दुकान होते किंवा ज्यांनी शेतीवरचे कर्ज पाहिले आहे, त्यांना ही यंत्रणा लगेच कळेल.

लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल किंवा ग्लासगोत बसून मळेवाल्याची साखर विकून देणारा व्यापारी म्हणजे अडत्या. तो विक्रीवर साधारण अडीच टक्के अडत घेई. मळेवाला इंग्लंडात राहत असेल तर बेटावर त्याचे कुलमुखत्यारपत्र घेतलेला माणूस कारभार पाही, तो मुखत्यार. इंग्रजी कागदात त्याला ॲटर्नी म्हटलेले असते. हा शब्द वाचून वकील समजू नका. मळेवाला देणे भागवायला आपल्या अडत्याच्या नावे हुंडी लिही. अडत्याने ती सकारली तर पत राहिली, परत पाठवली तर मळेवाल्याची बेटावर नाचक्की. घरातल्या विधवेला, बहिणीला, मुलीला मळ्याच्या उत्पन्नातून दर साल जी ठरावीक रक्कम मिळे ते वर्षासन. आणि या सगळ्याचा मळ्यावर जो भार चढे तो बोजा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा चढतो, तसाच. फरक इतकाच, आणि हा फरक सगळे काही बदलून टाकतो, की या बोज्याखाली जमिनीबरोबर जिवंत माणसेही होती.

तेव्हाच्या कायद्याने माणसाला कोणत्या प्रकारची मालमत्ता ठरवले होते, हेही पाहावे लागते. बार्बाडोसच्या विधिमंडळाने १६६८ मध्ये गुलामांना स्थावर ठरवले, म्हणजे वारसाहक्कात माणसे जमिनीबरोबर जावीत. पण सावकारांना स्थावर सहजी जप्त करता येत नसे. त्यावर १७३२ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींतल्या कर्जवसुलीचा कायदा केला आणि जमीन, घरे व गुलाम हे सगळेच कर्जापोटी विकता येईल असे ठरवले. लंडनच्या धनकोला दूरच्या बेटावरचे तारण विश्वासार्ह वाटू लागले ते या कायद्यामुळे. त्यातला गुलामांबद्दलचा भाग १७९७ मध्ये रद्द झाला. म्हणून तुमचा दस्तऐवज या दोन सालांच्या दरम्यानचा आहे की नंतरचा, हे आधी पाहा.

पायरी ३ : शेवटापासून मागे या

ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये केला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला. या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, आणि ती मालकांना. मुक्त होणाऱ्या माणसांना एक पेनीही मिळाली नाही. उलट बहुतेक वसाहतींत सहा वर्षांवरच्या सर्वांना ‘शिकाऊ’ असे नाव देऊन जुन्याच मालकांकडे बिनपगारी राबवले गेले. मळ्यावर राबणाऱ्यांसाठी आठवड्याला ४५ तासांची मर्यादा होती. कॅरिबियनमध्ये ही पद्धत १ ऑगस्ट १८३८ रोजी मोडली.

भरपाई वाटायची तर मालक कोण, हे सिद्ध करावे लागले. त्यामुळे सुमारे ४६ हजार दावे दाखल झाले, आणि सुमारे आठ लाख माणसांचा हिशेब एका ठिकाणी आला. एखाद्या व्यवस्थेचा शेवटच्या दिवशी असा पंचनामा झाल्याचे उदाहरण इतिहासात क्वचितच मिळेल. ही कागदपत्रे लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टी ७१’ या मालिकेत आहेत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी त्यांवरून तयार केलेली माहितीपेढी २०१३ पासून इंटरनेटवर मोफत खुली आहे. तिचे नाव ‘लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’.

तिथे मळ्याचे नाव टाका. दाव्याचा क्रमांक, वसाहत, माणसांची संख्या, मंजूर रक्कम आणि दावेदारांची नावे मिळतील. दाव्याचा क्रमांक वसाहतीच्या नावासह वहीत लिहून ठेवा. नुसता क्रमांक निरुपयोगी, कारण प्रत्येक वसाहतीत आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात.

रकमा पाहून चकित व्हाल. जमैकात माणशी सरासरी २० पौंडांच्या आसपास, तर ब्रिटिश गयानात ५० च्या वर. १८२२ ते १८३० या काळातल्या विक्रीच्या किमतींवरून प्रत्येक वसाहतीचा दर ठरला होता. गयानात नवी कसदार जमीन आणि माणसांची टंचाई, म्हणून भाव चढा. माणसांची वर्गवारीही केली गेली : मुकादम, कारागीर, शेतावरचे, घरकामाचे, सहा वर्षांखालची मुले, आणि वृद्ध वा आजारी. प्रत्येक वर्गाचा दर वेगळा.

पायरी ४ : दावेदाराची भूमिका वाचा

बहुतेक वाचक रक्कम पाहतात आणि पुढे जातात. तिथेच थांबा. ‘हा माणूस दावा कोणत्या नात्याने करतो आहे?’ हा प्रश्न विचारा. माहितीपेढीत प्रत्येक दाव्याखाली ते दिलेले असते.

कोणी थेट मालक असतो. कोणी हयातीपुरता हक्कदार : उत्पन्न खाण्याचा अधिकार आहे, विकण्याचा नाही. कोणी विश्वस्त, कोणी मृत्युपत्राचा अंमल करणारा. कोणी वर्षासन घेणारी. आणि कोणी गहाणदार किंवा डिक्रीदार धनको : म्हणजे ज्याचे मळ्यावर कर्ज आहे आणि जो म्हणतो, की भरपाई आधी माझ्या हातात द्या.

ही शेवटची नावे बारकाईने पाहा, कारण पेढी इथेच सापडते. बेटावर कधी पाऊल न ठेवलेले लंडनचे व्यापारी भरपाईच्या यादीत शिरतात ते बहुधा याच दाराने. मूळ मालकाचा दावा आणि गहाणदाराचा प्रतिदावा एकाच क्रमांकाखाली असेल तर मूळ फाइल मागवा. वाद मिटेपर्यंत रक्कम अनेकदा चॅन्सरी या मालमत्तेचे वाद चालवणाऱ्या न्यायालयात जमा होई, आणि तिथल्या कैफियतींत चाळीस-पन्नास वर्षांचा कर्जाचा इतिहास उलगडून सांगितलेला असतो.

‘त्यांनी फक्त पैसे दिले होते, ते गुलाममालक नव्हते,’ असे या व्यापाऱ्यांचे वंशज पुढे म्हणत आले. कागद तसे म्हणत नाहीत. त्या काळच्या इंग्रजी गहाणखतात मालमत्तेची मालकी कायद्याने गहाणदाराच्या नावे होई. कर्जदाराकडे उरे तो फक्त गहाण सोडवण्याचा हक्क. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत त्या माणसांवर सावकाराचीच मालकी चाले. धनको आणि मालक या दोन वेगळ्या जाती नव्हत्या. हे एकदा मनात पक्के बसले की पुढचे सगळे कागद वेगळे दिसू लागतात.

स्त्रियांकडेही नीट पाहा. दावेदारांत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. बाथ किंवा चेल्टनहॅमला राहणाऱ्या एखाद्या विधवेचे वर्षासन म्हणजे बेटावरच्या एखाद्या स्त्रीची वर्षभराची मेहनत, असा तो सरळ हिशेब होता.

पायरी ५ : पेढी उलगडा

आता पेढीचे नाव हातात आले. ‘अमुक, तमुक आणि कंपनी.’ यात ‘कंपनी’ म्हणजे आजची मर्यादित कंपनी नव्हे. १७२० च्या बबल ॲक्टमुळे सनदेशिवाय भागभांडवलाची कंपनी काढणे अवघड होते. हा कायदा १८२५ मध्ये रद्द झाला. तोवर आणि नंतरही बराच काळ या पेढ्या साध्या भागीदाऱ्या होत्या, आणि भागीदाराची जबाबदारी अमर्याद. एकाने चूक केली तर दुसऱ्याचे घरदारही जाई. म्हणूनच भागीदार निवडला जाई तो नात्यातला, सोयरिकीतला, एकाच बेटावर वाढलेला. लग्नाच्या नोंदी पाहिल्याशिवाय पेढी कळत नाही, हे मी ठामपणे सांगेन.

पिनीचे उदाहरण घ्या. तो १७८३ मध्ये नेव्हिसहून इंग्लंडात परतला आणि १७८४ मध्ये जेम्स टोबिन याच्याशी भागीदारी केली. टोबिनही नेव्हिसचाच मळेवाला. पिनी अँड टोबिन ही पेढी नेव्हिसच्या ओळखीच्या मळेवाल्यांची साखर ब्रिस्टलला विके, त्यांना सामान पाठवी आणि कर्ज देई. दोघेही एकेकाळी त्यांचे शेजारी होते. कोणाची जमीन कशी, कोण उधळ्या, कोणाच्या मळ्यावर किती धडधाकट माणसे आहेत, हे त्यांना तोंडपाठ. हीच त्यांची खरी पुंजी. टोबिनने १७८५ मध्ये गुलामगिरीच्या समर्थनार्थ पुस्तिकाही लिहिली. पिनीने हळूहळू पैसा मळ्यातून काढून गहाणखतांत घातला. मळेवाल्याला दुष्काळ आणि वादळ सोसावे लागते, गहाणदाराला व्याज मिळत राहते.

पुढच्या पिढीत काय झाले, हे सांगायलाच हवे. पिनीने माउंट्रॅव्हर्स मळा एडवर्ड हगिन्स याला विकला. हगिन्सने तिथल्या माणसांना रात्रीही खत वाहायला लावले. त्यांनी नकार दिला तेव्हा जानेवारी १८१० मध्ये नेव्हिसच्या चार्ल्सटाउनच्या भर बाजारात, दंडाधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांना चाबकाने फोडून काढले. कित्येकांना शंभराहून अधिक फटके. हगिन्सवर खटला झाला आणि ज्युरीने त्याला सोडले. या प्रकरणाला लंडनपर्यंत वाचा फोडण्यासाठी जो झटला तो जेम्स वेब टोबिन, म्हणजे पिनीच्या भागीदाराचा मुलगा. त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. बाप गुलामगिरीची बाजू लिहून मांडणारा, मुलगा तिच्याविरुद्ध साक्षी गोळा करणारा. पेढीचा इतिहास वाचताना अशा फटीही पाहाव्यात. घराणे म्हणजे एकजिनसी दगड नसतो.

मळ्याच्या विक्रीखतात नेहमी पाहा : रक्कम रोख दिली की हप्त्यांनी? हप्त्यांनी असेल तर विकणारा धनको म्हणून मळ्यावर कायम राहतो, आणि नव्या मालकाला हप्ता भरायला दुप्पट काम काढून घेण्याची घाई असते.

पेढीच्या शोधासाठी तीन जागा. पहिली, ‘लंडन गॅझेट’. भागीदारी मोडल्याच्या आणि दिवाळखोरीच्या सूचना त्यात छापून येत. जुने अंक इंटरनेटवर मोफत शोधता येतात. दुसरी, मृत्युपत्रे. १८५८ पूर्वीची कँटरबरीच्या धर्मन्यायालयातली मृत्युपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘प्रॉब ११’ मालिकेत आहेत आणि इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. पेढीतला हिस्सा कोणाला दिला, न दिसणारा भागीदार कोण, हे तिथे कळते. तिसरी, पेढीचे स्वतःचे कागद. पिनीचे ब्रिस्टल विद्यापीठात आहेत.

पायरी ६ : चालू खाते वाचायला शिका

व्यापाऱ्याकडून मळेवाल्याला दरसाल हिशेबाचा उतारा जाई. त्यातली डावी-उजवी बाजू कळण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, रचना खरी आहे.

मळेवाल्यावर ६,००० पौंड कर्ज आहे. त्याने शंभर पिंपे साखर पाठवली, ती २,५०० पौंडांना विकली गेली. अडीच टक्के अडत, म्हणजे ६२ पौंड १० शिलिंग, वजा. जहाजभाडे, जकात, विमा, गोदाम यांचे ९०० वजा. उरले १,५३७ पौंड १० शिलिंग. कर्जावर पाच टक्के व्याज ३०० वजा. व्यापाऱ्याने पाठवलेले खारे मासे, कापड, खिळे, तांब्याच्या कढया यांचे ७०० वजा. आईचे आणि बहिणींचे वर्षासन ७०० वजा. खात्यात तूट : १६२ पौंड १० शिलिंग. ती मुद्दलात मिळवली जाते. पुढच्या वर्षी व्याज ६,१६२ पौंडांवर.

व्यापाऱ्याने यात किती वाटांनी कमावले ते मोजा. अडत, व्याज, पाठवलेल्या सामानावरचा नफा, विम्यावरची दलाली, आणि बऱ्याचदा जहाजही त्याच्याच भागीचे. गहाणखतात एक अट हमखास असे : कर्ज फिटेपर्यंत सगळी साखर याच पेढीकडे पाठवायची. त्यामुळे कर्ज पूर्ण फिटावे अशी पेढीची इच्छा असेलच असे नव्हे. तूट भरून काढायला मळेवाल्याकडे एकच मार्ग उरे, माणसांना आणखी पिळणे. लंडनच्या वहीतली तूट नेव्हिसच्या उसाच्या शेतात रात्रपाळी बनून उतरे.

माणसे विकत घेण्याचे कर्जही याच साखळीत आहे. आफ्रिकेहून जहाज आले की बेटावरचा दलाल माणसे उधारीवर विके, आणि जहाजाच्या मालकांना लंडनच्या एखाद्या भक्कम पेढीवरच्या बारा, अठरा, चोवीस महिन्यांच्या हुंड्या त्याच जहाजातून परत पाठवी. ती लंडनची पेढी जामीन राहिली नसती तर हा व्यापार इतका फुगला नसता.

आणि संकट आले की काय होते? १७६३ च्या पॅरिसच्या तहाने ग्रेनडा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट आणि टोबेगो ब्रिटनकडे आले. नव्या जमिनींसाठी कर्जाचा पूर लोटला. जून १७७२ मध्ये लंडनचा सावकार अलेक्झांडर फोर्डाइस बुडाला आणि पतपेढ्या धडाधड कोसळल्या. ज्यांच्याकडे रोकड होती त्यांनी या वेळी मळे गिळले. हेन्री लॅसेल्स हा मूळचा बार्बाडोसचा जकात अधिकारी, पुढे लंडनला लॅसेल्स अँड मॅक्सवेल पेढीचा मालक. तो स्वतः १७५३ मध्ये वारला. पण त्याच्या घराण्याने १७७३ नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत कॅरिबियनमधली २७ हजार एकरांहून अधिक जमीन मिळवली, बरीचशी थकलेल्या कर्जापोटी. यॉर्कशरमधला हेअरवुड हाउस हा त्यांचा वाडा. १८३४ नंतर हेअरवुडच्या अर्लला १,२७७ माणसांपोटी २६ हजार पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. कर्ज देणाऱ्याच्या घरात गुलाममालकी कशी येऊन स्थिरावते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ७ : गहाणखताची शेवटची पाने

गहाणखत साधारण पंधरा-वीस पानांचे. पहिली पाने पक्षकारांची, मग जुन्या कर्जांची वंशावळ, मग मळ्याच्या चतुःसीमा. घाई असली तरी शेवटच्या परिशिष्टापर्यंत जा. तिथे माणसांची नावे असतात, कधी वय आणि कामासह. मजकुरात एक वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा येतो : स्त्रियांची ‘पुढील संतती आणि वाढ’ हीसुद्धा तारणात. म्हणजे अजून न जन्मलेले मूलही गहाण. पहिल्यांदा हे वाचताना हात थांबतो. थांबू द्या.

ही यादी जशीच्या तशी उतरवून घ्या. आपल्या तक्त्यात पहिला रकाना माणसाच्या नावाचा ठेवा, मालकाचा आणि पेढीचा नंतर. ही किरकोळ गोष्ट नाही. रकान्यांचा क्रम ठरवतो की तुमचा लेख पुढे कोणाबद्दल होणार.

नावे मालकांनी दिलेली असतात, पण आठवड्याच्या वारावरून ठेवलेली आफ्रिकी नावेही दिसतील : क्वाको, कजो, क्वाशी, फिबा. त्यांना ‘चुकीचे स्पेलिंग’ समजून सुधारू नका.

जमैकाची खते स्पॅनिश टाउनजवळच्या आयलंड रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत. काही बेटांचे दफ्तर ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दफ्तरांच्या प्रकल्पातून इंटरनेटवर आले आहे. ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळींच्या संकेतस्थळावरही पुष्कळ आहे, पण बरेचसे पान-पान चाळावे लागते.

पायरी ८ : नोंदवह्यांतून माणूस पुढे न्या

चोरट्या आयातीला आळा घालण्यासाठी गुलामांची सक्तीची नोंदणी सुरू झाली. १८१२ च्या हुकुमाने आधी त्रिनिदादमध्ये, मग जमैका आणि बार्बाडोसमध्ये १८१७ पासून. जमैकात दर तीन वर्षांनी विवरणपत्र भरावे लागे : १८१७, १८२०, १८२३, १८२६, १८२९, १८३२. पहिल्या यादीत सगळी नावे, पुढच्यांत फक्त वाढ आणि घट. जन्म, मृत्यू, खरेदी, विक्री, मुक्तता, पळून जाणे.

१८१९ च्या कायद्याने लंडनमध्ये मध्यवर्ती नोंदणी कचेरी झाली आणि ठरले, की ज्याची नोंद नाही अशा गुलामाचे ब्रिटनमधले खरेदीखत वा गहाणखत ग्राह्य नाही. सावकारांना नोंदवह्या नीट असाव्यात असे का वाटू लागले, ते यातून समजते.

कामाची रीत अशी. १८१७ च्या यादीतून एक कुटुंब निवडा. आईचे नाव दिलेले असेल तर सोपे जाते. प्रत्येक तीन वर्षांची घट-वाढ त्यावर लावत या. १८३४ ला जी संख्या उरते ती भरपाईच्या दाव्यातल्या संख्येशी पडताळा. जुळली तर साखळी पक्की. नाही जुळली तर मधे विक्री, वाटणी किंवा जप्ती झाली आहे. त्या सालाची खते शोधा. त्रिनिदादच्या नोंदी सर्वांत तपशीलवार : उंची, अंगावरच्या खुणा आणि नातीही.

पायरी ९ : जिथे पाय घसरतो त्या जागा

चलन पहिले. जमैकाचे १४० पौंड म्हणजे १०० पौंड स्टर्लिंग. नेव्हिससारख्या लीवर्ड बेटांत तफावत याहून मोठी. खतावर ‘करन्सी’ (बेटावरचे चलन) लिहिले आहे की ‘स्टर्लिंग’ (इंग्लंडचे), हे न पाहता बेरीज केली तर सगळा हिशेब वाया. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स.

साल दुसरे. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १७४३ असे लिहिलेले आपल्या गणनेने १७४४ असू शकते.

नावे तिसरी. बाप, मुलगा, पुतण्या सगळे जॉन. मृत्युपत्राची तारीख आणि भागीदारी मोडल्याची तारीख शेजारी ठेवा.

भाषेचीही एक जागा आहे. मूळ कागद ‘माल’ म्हणतो म्हणून आपण म्हणू नये. मी ‘गुलाम केलेली माणसे’ लिहिते, आणि जिथे कायद्याचा शब्दच सांगायचा तिथेच ‘गुलाम’.

इतर साम्राज्यांकडे वळायचे असेल तर नियम बदलतात. फ्रेंचांच्या १६८५ च्या संहितेने गुलामांना जंगम ठरवले, तरी खुद्द त्यांच्या खरेदीचे देणे नसेल तर चालत्या मळ्यावरची कामाच्या वयाची माणसे जमिनीपासून तोडून जप्त करायला मनाई केली. ॲमस्टरडॅममध्ये डॉइट्झ या सावकारी पेढीने १७५३ पासून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या मळ्यांवरची कर्जे एकत्र करून त्यांचे रोखे सामान्य गुंतवणूकदारांना विकले. या भागातल्या डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ मध्ये संपली आणि सुरिनामच्या मालकांना माणशी ३०० गिल्डर मिळाले.

पायरी १० : पैसा पुढे कुठे गेला ते पाहा

भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने १८३५ मध्ये दीड कोटी पौंडांचे कर्ज काढले. नेथन रॉथ्सचाइल्ड आणि मोझेस माँटेफिओरे या लंडनच्या सावकारांनी ते उभे केले. त्याचे रूपांतरित रोखे २०१५ मध्ये फिटले. भरपाईचा पैसा घेणाऱ्यांची नावे पुढे रेल्वे, बँका, विमा कंपन्या यांच्या भागधारकांत शोधा. संशोधकांच्या माहितीपेढीत व्यापारी वारशाचा वेगळा रकाना आहे.

एक वाट आपल्याकडे येते. लिव्हरपूलचा जॉन ग्लॅडस्टन हा डेमेरारातल्या सक्सेस आणि व्रीडेनहूप मळ्यांचा मालक. गुलाम केलेल्या माणसांचा १८२३ चा मोठा उठाव सक्सेसवर पेटला. उठावाचे पुढारी क्वामिना आणि त्याचा मुलगा जॅक त्याच मळ्यावरचे. ग्लॅडस्टनला २,५०८ माणसांपोटी १,०६,७६९ पौंड भरपाई मिळाली. ‘शिकाऊ’ पद्धत अजून चालू असतानाच, १८३६ मध्ये, त्याने कलकत्त्याच्या गिलँडर्स, अर्बुथनॉट पेढीला पत्र लिहून मजूर मागितले. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे भारतीय गिरमिटिये घेऊन गयानाला पोचली. तोच मळा, तोच मालक, पत्रव्यवहारही तसाच पेढीकडून पेढीकडे.

मॉरिशसचे दावेही त्याच लंडनच्या आयोगापुढे गेले. हिंदी महासागरातले हे बेट भरपाईच्या कायद्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मात्र वगळला होता. मॉरिशसचे मळेवाले आणि त्यांचे धनको यांनाही रक्कम मिळाली, आणि त्यानंतर मुंबई बंदरातून, रत्नागिरी व कोकणपट्टीतून माणसे मॉरिशसच्या उसात गेली. त्यांच्या आगमनाच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तुमचे पणजोबा ज्या मळ्यावर उतरले त्याचे नाव त्या नोंदीत असेल, तर तेच नाव ‘टी ७१’ मधल्या मॉरिशसच्या नोंदवह्यांत शोधून पाहा. त्या मळ्यावर त्यांच्या आधी कोण राबत होते, त्यांची नावे आणि वये तिथे लिहिलेली आहेत.